विश्लेषण : सीजीपीए ८, मग टक्के ८० की ६७? गुणपत्रिकेतला हा आकडा ठरतो कसा आणि वाढवता कसा येतो?

निकाल लागला की मुलगा सांगतो, 'सात पॉइंट दोन.' घरचे विचारतात, 'म्हणजे टक्के किती?' या साध्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठात सारखं नाही. नोकरीचा अर्ज, उच्च शिक्षण, परदेशातला प्रवेश आणि आता नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष, हे सगळं मात्र याच आकड्यावर अडतं. तो समजून घेऊ या.

थोडक्यात

• एसजीपीए हा एका सत्राचा आकडा, तर सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर याच अर्थाने एसजीपीआय आणि सीजीपीआय असे शब्द दिसतात.
• सीजीपीएला थेट १० ने गुणलं की टक्के मिळतात, हा समज बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे.
• सगळे विषय सारख्या वजनाचे नसतात. ४ क्रेडिटच्या विषयातली एक श्रेणी ही २ क्रेडिटच्या विषयातल्या दोन श्रेणींएवढी असते.
• सत्रं जसजशी संपत जातात, तसतसा सीजीपीए हलवणं अवघड होतं. सातव्या सत्रानंतर काही लक्ष्यं गणितानेच अशक्य होतात.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेले पदवी अभ्यासक्रम राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाले. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतल्या पहिल्या तुकडीचं सहावं सत्र २०२६ मध्ये संपतं आणि संलग्न महाविद्यालयांतल्या तुकडीचं २०२७ मध्ये. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथ्या वर्षाला थांबायचं, हा निर्णय त्या वेळी घ्यावा लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. २०२२ च्याच पीएचडी नियमांनुसार, चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला जायचं असेल तरी ७५ टक्के किंवा त्याच्याशी समकक्ष श्रेणी लागते.

अडचण 'समकक्ष' या शब्दात आहे. १० ने गुणायचं ठरवलं तर ७५ टक्के म्हणजे ७.५ सीजीपीए. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे पाहिलं तर ७५ टक्के म्हणजे ८.२५. या दोन आकड्यांत पाऊण गुणांकाचं अंतर आहे आणि ते भरून काढायला तीन-चार सत्रं जाऊ शकतात. म्हणून आपल्या विद्यापीठाचा निकष पहिल्याच वर्षी माहीत असायला हवा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो कळून उपयोग नाही.

गुणांची श्रेणी कशी होते?

२०१५-१६ च्या सुमारास आयोगाने श्रेयांकांवर आधारित निवड पद्धत, म्हणजे सीबीसीएस, देशभर नेली. तिच्यासोबत १० गुणांकांची श्रेणी पद्धत आली. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे काठावर पास ४ आणि एफ म्हणजे नापास शून्य. गैरहजर राहिलात तरी शून्यच.

किती गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे विद्यापीठं आणि स्वायत्त महाविद्यालयं आपापल्या नियमांनी ठरवतात. बऱ्याच ठिकाणी दिसणारा एक नमुना असा :

८० आणि त्यापुढे : ओ (१०)
७० ते ७९ : ए प्लस (९)
६० ते ६९ : ए (८)
५५ ते ५९ : बी प्लस (७)
५० ते ५४ : बी (६)
४५ ते ४९ : सी (५)
४० ते ४४ : पी (४)

हा तक्ता सगळीकडे सारखा नसतो. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या सीबीसीएस अभ्यासक्रमात ८० च्या पुढे १०, ७५ च्या पुढे ९, ७० च्या पुढे ८ आणि ६० ते ७० दरम्यान ७ गुणांक मिळत. म्हणजे ६२ गुणांना एका शाखेत ८ आणि दुसऱ्या शाखेत ७. दोन मित्रांचे सीजीपीए शेजारी ठेवून तुलना करण्याआधी दोघांचे तक्ते सारखे आहेत का, ते पाहिलं पाहिजे.

आयआयटीमधला हिशेब आणखी निराळा. आयआयटी मुंबईत एए म्हणजे १०, एबी ९, बीबी ८ अशा श्रेणी असतात आणि एकूण आकड्याला सीपीआय म्हणतात. तिथे श्रेणी देताना वर्गातल्या इतरांची कामगिरीही पाहिली जाते. त्यामुळे अवघड पेपरात ६० गुणांनाही वरची श्रेणी मिळू शकते. आपल्या बहुतेक विद्यापीठांत मात्र पट्ट्या आधीच ठरलेल्या असतात. पेपर सोपा असो की कठीण, ५९ म्हणजे ५९.

एसजीपीए काढायचा कसा?

प्रत्येक विषयाला काही क्रेडिट म्हणजेच श्रेयांक असतात. साधारण १५ तासांच्या तासिकांना १ क्रेडिट आणि ३० तासांच्या प्रात्यक्षिकांना १ क्रेडिट, असा हिशेब आहे. विषयाचे क्रेडिट गुणिले त्या विषयात मिळालेला गुणांक, या सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला सत्राच्या एकूण क्रेडिटने भागायचं. उत्तर येतं तो एसजीपीए.

नव्या धोरणातल्या २२ क्रेडिटच्या सत्राचं एक उदाहरण घेऊ. विषयांची मांडणी आणि गुण नमुन्यादाखल आहेत, श्रेणी वरच्या तक्त्याप्रमाणे :

मेजर, पहिला विषय : ४ क्रेडिट, ५८ गुण, गुणांक ७, एकूण २८
मेजर, दुसरा विषय : ४ क्रेडिट, ६४ गुण, गुणांक ८, एकूण ३२
मायनर : ४ क्रेडिट, ५४ गुण, गुणांक ६, एकूण २४
ओपन इलेक्टिव्ह : २ क्रेडिट, ७२ गुण, गुणांक ९, एकूण १८
व्होकेशनल स्किल : २ क्रेडिट, ८१ गुण, गुणांक १०, एकूण २०
भाषा : २ क्रेडिट, ६९ गुण, गुणांक ८, एकूण १६
फील्ड प्रोजेक्ट : २ क्रेडिट, ७८ गुण, गुणांक ९, एकूण १८
को-करिक्युलर : २ क्रेडिट, ८४ गुण, गुणांक १०, एकूण २०

उजवीकडच्या आकड्यांची बेरीज १७६. भागिले २२. एसजीपीए आला बरोबर ८.

आता हेच गुण क्रेडिटच्या वजनाने धरून टक्के काढले तर येतात ६६.९. म्हणजे घरी '८ आले' असं सांगितल्यावर ८० टक्क्यांचे पेढे वाटले गेले, तरी प्रत्यक्षातले गुण ६७ टक्क्यांच्या आसपास आहेत. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. ६० ते ६९ मधल्या प्रत्येकाला ८ गुणांक मिळतो, म्हणून आकडा वर सरकतो.

सीजीपीए म्हणजे सगळ्या एसजीपीएंची सरासरी का?

जवळपास तसंच, पण अगदी तसंच नाही. इथेही क्रेडिटचं वजन लागतं. पहिल्या सत्रात २२ क्रेडिट आणि ८ एसजीपीए, दुसऱ्यात २० क्रेडिट आणि ७ एसजीपीए असेल, तर १७६ अधिक १४० म्हणजे ३१६, भागिले ४२. सीजीपीए ७.५२. साध्या सरासरीने ७.५० आला असता. फरक दोन शतांशांचा आहे. पण कटऑफच्या रेषेवर उभं असताना हे दोन शतांशही लहान नसतात.

टक्क्यांचा घोळ नेमका कुठे होतो?

समजा तुमचा सीजीपीए ६.७५ आहे. त्याचे टक्के किती?

१० ने गुणलं, तर ६७.५.
९.५ ने गुणलं, तर ६४.१३.
तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यानुसार, ६०.
मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१६ च्या अभ्यासक्रमाच्या सूत्रानुसार, ५९.९४.

आकडा एकच, उत्तरं चार. त्यातलं एक ६० च्या रेषेखाली.

यातलं ९.५ चं सूत्र सगळ्यात जास्त गैरसमज पसरवतं. ते मुळात विद्यापीठांचं नाही. सीबीएसईने २०१० ते २०१७ या काळात दहावीला श्रेणी दिल्या, तेव्हा ते आलं. ९१ ते १०० या पट्टीतल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास येत होती, म्हणून १० गुणांक बरोबर ९५ टक्के असा हिशेब मांडला गेला. ती पद्धत सीबीएसईने बंद केली, पण ९.५ चा आकडा इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये अजून जिवंत आहे. आपल्या विद्यापीठाचं तसं सूत्र नसेल, तर पदवीच्या गुणपत्रिकेला तो लावू नये.

तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के. सोप्या भाषेत, सीजीपीएमधून ०.७५ वजा करायचे आणि १० ने गुणायचं.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या त्या अभ्यासक्रमासाठी सूत्र होतं : ७.२५ गुणिले सीजीपीआय, अधिक ११. या सूत्राने १० पैकी १० मिळवणाऱ्याचेही ८३.५ टक्केच होतात. हे विचित्र वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. ओ श्रेणी ८० गुणांपासून सुरू होते. सगळ्या विषयांत ८२ मिळवणाराही १० वर आणि सगळ्या विषयांत ९५ मिळवणाराही १० वर. त्या पट्टीतली खरी सरासरी १०० असूच शकत नाही.

काही ठिकाणी सीजीपीएच्या टप्प्यानुसार सूत्र बदलतं. तर एकाच विद्यापीठात २०१२ च्या आणि २०१६ च्या अभ्यासक्रमाची सूत्रं वेगळी असू शकतात. म्हणून सीनियरने दिलेलं सूत्र वापरण्याआधी आपण कोणत्या वर्षाच्या पॅटर्नचे आहोत, ते बघा.

अर्ज भरताना कोणतं सूत्र धरायचं?

नियम एकच : जाहिरातीत लिहिलं असेल ते. आणि जाहिरात बहुतेक वेळा विद्यापीठाच्या सूत्राकडे बोट दाखवते.

आयआयएमच्या कॅट परीक्षेची अट याचं चांगलं उदाहरण आहे. पदवीला ५० टक्के हवेत, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. सीजीपीएचं रूपांतर विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या पद्धतीने करायचं. विद्यापीठाचं असं सूत्रच नसेल, तरच मिळालेला सीजीपीए भागिले कमाल सीजीपीए गुणिले १००, असा मार्ग आहे. म्हणजे १० ने गुणणं हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे.

बँक भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींत आणखी एक ओळ असते, जी अनेकांच्या नजरेतून सुटते. टक्केवारीतला अपूर्णांक धरला जात नाही, ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमी. वरच्या उदाहरणातले ५९.९४ आठवा. मुलाखतीला बोलावलं गेलं, तर रूपांतराचे निकष सांगणारं विद्यापीठाचं पत्रही दाखवावं लागतं. अर्जात एका सूत्राने टक्के भरले आणि पत्रात दुसरं सूत्र निघालं, की परीक्षा पास झालेला उमेदवारही कागदपत्रांच्या टेबलावर अडतो.

म्हणून पदवीच्या शेवटच्या सत्रातच परीक्षा विभागाकडे रूपांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेवावा. नोकरीची जाहिरात आल्यावर धावपळ करायला वेळ मिळेलच असं नाही.

परदेशी जायचं असेल तर?

जर्मनीसाठी 'बव्हेरियन सूत्र' वापरलं जातं. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे काठावर पास. कमाल गुणांकातून आपला गुणांक वजा करायचा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांकाच्या फरकाने भागायचं, ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. कमाल १० आणि किमान पास ४ धरला, तर ८ सीजीपीएचे होतात २.० आणि ७ चे २.५. मास्टर्सच्या अनेक अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते. त्यामुळे तिकडचा विचार असेल तर ७ ही खूणगाठ लक्षात ठेवावी. किमान पास गुणांक ४ ऐवजी ५ असेल, तर त्याच ८ चे २.२ होतात, हेही ध्यानात असू द्या.

अमेरिकेसाठी १० चा आकडा स्वतःच ४ च्या मापात बसवायच्या फंदात पडू नका. बरीच विद्यापीठं मूळ गुणपत्रिका जशीच्या तशी मागतात किंवा मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा अहवाल स्वीकारतात.

आकडा वाढवायचा, तर आधी कुठे पाहायचं?

वरच्या २२ क्रेडिटच्या उदाहरणाकडे पुन्हा येऊ. त्या विद्यार्थ्याला मेजरमध्ये ५८ ऐवजी ६०, मायनरमध्ये ५४ ऐवजी ५५ आणि भाषेत ६९ ऐवजी ७० मिळाले असते, तर? एकूण ४ गुण जास्त. पण तीन श्रेणी बदलल्या. बेरीज १७६ ची १८६ झाली आणि एसजीपीए ८ वरून ८.४५ वर गेला.

उलट बाजू पाहा. दुसऱ्या मेजरमध्ये ६४ ऐवजी ६९ आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये ७२ ऐवजी ७९ मिळाले असते, तर एकूण १२ गुण जास्त. एसजीपीए? तोच, ८.

श्रेणी पद्धतीचा हा स्वभाव ओळखला, की पुढच्या गोष्टी आपोआप सुचतात.

१. क्रेडिट पाहून अभ्यासाचे तास वाटा. ४ क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वाढली तर २२ क्रेडिटच्या सत्रात एसजीपीए ०.१८ ने वाढतो. २ क्रेडिटच्या विषयात ०.०९ ने. आवडता विषय आणि जड विषय एकच असतो असं नाही.

२. अंतर्गत गुण आधी मोजा. कुठे ७०:३०, कुठे ६०:४० अशी विभागणी असते. लेखी परीक्षेच्या आधी अंतर्गतचे गुण कळले, तर पुढच्या श्रेणीसाठी लेखीत नेमके किती हवेत, ते काढता येतं. अंतर्गत ४० पैकी ३१ असतील, तर ७० साठी लेखीत ६० पैकी ३९ लागतात. 'चांगला अभ्यास करायचा' यापेक्षा '३९ काढायचे' हे लक्ष्य जास्त उपयोगी.

३. २ क्रेडिटचे विषय हलक्यात घेऊ नका. वरच्या उदाहरणात असे पाच विषय आहेत आणि त्यांचे मिळून १० क्रेडिट होतात. म्हणजे जवळपास अर्धं सत्र. फील्ड प्रोजेक्टचा अहवाल वेळेत देणं, को-करिक्युलरची उपस्थिती भरणं, व्होकेशनलची फाईल पूर्ण ठेवणं, यातून मिळणारे ९ आणि १० गुणांक मेजरच्या कठीण पेपरला सावरून धरतात.

४. केटी टाळणं हा सगळ्यात मोठा फायदा. ४ क्रेडिटच्या विषयात ६ गुणांकाऐवजी शून्य आला, तर २४ गुण जातात आणि २२ क्रेडिटच्या सत्राचा आकडा १.०९ ने खाली येतो. केटी सुटल्यावर नवी श्रेणी धरली जाते का, गुणपत्रिकेवर प्रयत्नाची खूण राहते का, हे विद्यापीठाच्या अध्यादेशात असतं. अनेक कंपन्या सीजीपीएबरोबर 'चालू केटी नको' अशीही अट घालतात. म्हणून दोन केटी असतील, तर आधी जास्त क्रेडिटची सोडवा.

५. काठावर असाल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. ५९, ६९, ७४, ७९ असे आकडे दिसले आणि विषय जास्त क्रेडिटचा असेल, तर आधी फोटोकॉपी, ती विषयाच्या प्राध्यापकांना दाखवणं आणि मगच पुनर्मूल्यांकन, हा क्रम ठेवा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती थोडी असते.

६. 'स्वयम्'चा विचार करा. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, संस्थेने मान्यता दिली तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करून त्यांचे क्रेडिट मिळवता येतात. एनपीटीईएलच्या विषयांत २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ गुण केंद्रावरच्या परीक्षेचे असतात. नोंदणी करण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी होकार घ्या. नंतर 'हा विषय आमच्या यादीत नाही' असं ऐकायला मिळालं, तर मेहनत वाया.

७. क्रेडिट खात्यात जमा झाले का, ते तपासा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये अपार आयडीखाली प्रत्येक सत्राची नोंद दिसायला हवी. महाविद्यालय बदलताना किंवा मध्येच थांबून परत येताना हीच नोंद कामी येते.

उशीर झाला, हे कसं ओळखायचं?

अभियांत्रिकीची ८ सत्रं आणि प्रत्येक सत्राला सारखे क्रेडिट, असं धरू. सध्याचा सीजीपीए ६.२ आणि शेवटी हवा ६.७५.

चार सत्रं झाली असतील, तर उरलेल्या चार सत्रांत सरासरी ७.३ हवा. नेटाने अभ्यास केला तर जमण्यासारखं.
सहा सत्रं झाली असतील, तर उरलेल्या दोन सत्रांत सरासरी ८.४ हवा. कठीण.
सात झाली असतील, तर शेवटच्या सत्रात १०.६ हवा. अशक्य.

हिशेब सोपा आहे. हवा असलेला सीजीपीए गुणिले एकूण सत्रं, वजा आताचा सीजीपीए गुणिले झालेली सत्रं, भागिले उरलेली सत्रं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

त्यात आणखी एक मेख. कॅम्पस प्लेसमेंट बहुतेक ठिकाणी सातव्या सत्रात सुरू होतं आणि कंपन्यांसमोर सहाव्या सत्रापर्यंतचा आकडा जातो. म्हणजे चौथ्या सत्राअखेर ६.२ असेल आणि प्लेसमेंटला ६.७५ दाखवायचा असेल, तर चार नव्हे, दोनच सत्रं हातात आहेत आणि सरासरी ७.८५ लागते. 'शेवटच्या वर्षाला बघू' हे वाक्य इथे महाग पडतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या सत्रात मला ४ क्रेडिटच्या दोन विषयांत ५९ आणि ७४ मिळाले होते. पास झालो, या आनंदात गावी निघून गेलो. फोटोकॉपीची मुदत संपल्याचं परत आल्यावर नोटीस बोर्डवर वाचलं. प्लेसमेंटच्या वेळी एका कंपनीची अट ६.५ होती आणि माझ्या १३० क्रेडिटचा सीजीपीए ६.४६. दोन विषयांत एकेक श्रेणी वाढली असती, तर ८ गुणांची भर पडून तो ६.५२ झाला असता. फोटोकॉपी मागवून गुण वाढलेच असते, असं नाही. पण मागवायला हवी होती, हे त्या दिवशी सेमिनार हॉलच्या बाहेर बसून कळलं.

मग गुणांची शर्यत संपली का?

श्रेणी पद्धत आणण्यामागचा एक विचार असा होता, की ८१ आणि ८३ मधल्या दोन गुणांवरून कोण हुशार हे ठरू नये. दोघांनाही ओ. हा विचार चांगलाच आहे. पण प्रत्यक्षात दोन गोष्टी घडल्या.

पहिली, शर्यत पट्टीच्या काठावर जाऊन थांबली. ६१ आणि ६९ मध्ये फरक उरला नाही, पण ६९ आणि ७० मध्ये एक आख्खा गुणांक आला. एका गुणाचं महत्त्व कमी व्हायचं होतं. काठावरच्या मुलासाठी ते वाढलं.

दुसरी, बाहेरच्या जगाने श्रेणी स्वीकारलीच नाही. सरकारी जाहिरात असो, बँक असो की खासगी कंपनी, अर्जाच्या रकान्यात अजून 'टक्केवारी' लिहावी लागते. गुणांचे गुणांक आणि गुणांकांचे परत टक्के, या दुहेरी प्रवासात मूळ गुण हरवतात आणि सूत्रानुसार नवीनच आकडा जन्माला येतो. ज्याच्या घरात कोणी आधी पदवी घेतलेली नाही, ज्याला विचारायला सीनियर नाही, तो विद्यार्थी इथे मागे पडतो. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, माहिती उशिरा पोहोचते म्हणून.

यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक गुणपत्रिकेवर रूपांतराचं सूत्र आणि अंतिम टक्केवारी ठळक छापली, तर प्रमाणपत्रासाठीच्या निम्म्या खेपा वाचतील. भरती करणाऱ्यांनी सीजीपीए आणि टक्के असे दोन्ही रकाने ठेवले, तर उमेदवाराला अंदाजाने आकडा भरावा लागणार नाही. आणि महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून हा हिशेब फळ्यावर मांडला, तर तिसऱ्या वर्षी होणारे बरेच पश्चात्ताप टळतील.

तोवर काय करायचं?

आजच तीन गोष्टी करता येतील. आपल्या पॅटर्नचा श्रेणी तक्ता आणि रूपांतराचं सूत्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून फोनमध्ये ठेवा. आतापर्यंतच्या सगळ्या विषयांचे क्रेडिट, गुण आणि गुणांक एका तक्त्यात भरा आणि आपण कुठे काठावर होतो, ते पाहा. मग हवा असलेला आकडा ठरवून उरलेल्या सत्रांत किती लागतो, ते काढा. उत्तर १० च्या आत आलं, तर वेळ अजून आहे. १० च्या पुढे गेलं, तर त्या कटऑफच्या मागे न धावता गेट, स्पर्धा परीक्षा किंवा कौशल्य पाहून निवड करणाऱ्या कंपन्यांकडे वळलेलं बरं.

आणि घरच्यांनी 'टक्के किती?' असं विचारलं, तर १० ने गुणून सांगू नका. खरा आकडा सांगा. तो थोडा कमी असेल, पण पुढे कुठल्याही टेबलावर तोच टिकेल.